वर्गाची भिंत राहिली, दार बुजलं

पत्र :

ताई, नऊ वर्षं मी सातवी-आठवीला शिकवतेय. शाळेची नियमावली नव्यानं लिहायला पाच शिक्षकांची समिती नेमलीय, त्यात माझंही नाव आहे. आत्ताचे नियम असे : हुशार मुलं पुढच्या बाकावर, मागे पडलेली शेवटी. हाउसचे गुण फळ्यावर. आवारात घरची भाषा बोललं तर दंड. दोन उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या तर दोघांनाही शून्य. आमचे ज्येष्ठ सर म्हणतात, ही कॅथलिक फादर-सिस्टरांनी घालून दिलेली शिस्त आहे, हिच्यातूनच माणसं घडली, हात लावू नका. नवा सहकारी म्हणतो, चर्चनं लुडबुड केली म्हणूनच शाळा अशा झाल्या, हे काम पहिल्यापासून एकट्या सरकारचं असायला हवं होतं, सगळं मोडा. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. लहानपणी घरची भाषा बोलले म्हणून शाळेत माझ्या गळ्यात पाटी अडकवली होती. आणि गेल्याच आठवड्यात मी स्वतः दोन मुलांना शून्य दिलं. त्यातला एक तेव्हापासून वर्गात मान वर करत नाही. बैठक सोमवारी आहे. मी काय बोलू?
– एक शिक्षिका

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या त्या शून्याच्या नियमाचं मूळ चारशे वर्षांपेक्षा जुनं आहे. ८ जानेवारी १५९९ रोजी रोममधून जेझुइट संघाच्या, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघटनेच्या, सगळ्या शाळांसाठी एक नियमावली निघाली. तिचं नाव रात्सिओ स्टुडिओरम, म्हणजे अभ्यासाची पद्धत. क्लॉडिओ अक्वाविवा तेव्हा संघाचे प्रमुख होते. १५८६ आणि १५९१ साली त्यांनी मसुदे प्रांतोप्रांती पाठवले, शिकवणाऱ्यांकडून हरकती मागवल्या आणि मगच ती पक्की केली. तुमच्या समितीला हे जरूर सांगा. कागदावर जे उतरलं, ते आधी वर्गात वापरून पाहिलेलं होतं.

तिच्यात लेखी परीक्षेचे नियम आहेत. ते वाचताना आपल्याच शाळेच्या नोटीसबोर्डासमोर उभं असल्यासारखं वाटतं. वेळेवर या. लिहायचं साहित्य बरोबर आणा. कुणाशी बोलू नका. वेळ संपली की जेवढं झालं असेल तेवढं द्या. आणि शेजारी बसलेल्या दोघांचे पेपर सारखे निघाले, तर दोघांवरही संशय धरावा, कारण कुणी कुणाचं उतरवलं हे कळायला मार्ग नाही.

संशय धरावा. मूळ नियम इथेच थांबतो, शून्य द्या असं तो म्हणत नाही. लेखीनंतर तोंडी परीक्षा असायची. तीन परीक्षक बसायचे, समोर वर्गशिक्षकानं वर्षभर ठेवलेली यादी असायची आणि मुलं तिघातिघांनी आत यायची. ज्याच्याबद्दल ठरत नसे, त्याचं रोजचं काम, वय, मेहनत बघायचे. म्हणजे एका पेपरावर मुलाचा निकाल लागत नसे. आपण काय केलं? संशय ठेवला, त्याच्या पुढची तोंडी परीक्षा वगळली आणि त्या जागी भोपळा लिहिला.

हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. मी नोकरीत असताना माझ्या शाळेतही हाच नियम होता आणि मीही तो पाळला. एकदा मात्र शून्य लिहिण्याआधी, कसं कोण जाणे, दोघांपैकी एकाला बाकापाशी बोलावलं आणि म्हटलं, हे अपूर्णांकाचं गणित मला समजावून सांग. त्यानं बोटानं बाकावर भाकरी काढली, तिचे तुकडे केले आणि एका दमात उत्तरापर्यंत आला. दुसरा पहिल्या पायरीलाच अडला. दोन मिनिटांत सगळं उलगडलं. पुढचं जास्त महत्त्वाचं होतं. दुसऱ्यानं उतरवलं होतं, कारण घरी मार पडायचा. शून्यानं यातलं काहीच मला सांगितलं नसतं.

तुमच्या ज्येष्ठ सरांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. शाळा म्हणताच जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं पुष्कळ या लोकांनी बसवलं. आधीच्या कितीतरी शाळांत लहानमोठी मुलं एकाच खोलीत असायची. एकेकाला जवळ बोलावून धडा घ्यायचा, बाकीच्यांनी बसून राहायचं. नेदरलंड्समधल्या झ्वोला आणि डेव्हेंटर इथल्या शाळांनी मुलांचे टप्पे पाडले, दहादहांचे गट केले. पॅरिसच्या माँतेग्यू कॉलेजच्या १५०९ सालच्या नियमांत ‘वर्ग’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ जाणारा सापडतो. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला आणि त्याचे सोबती पॅरिसमध्येच शिकले. १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना इथे त्यांनी बाहेरच्या मुलांसाठी पहिली मोठी शाळा काढली, ती याच पॅरिसच्या पद्धतीची. फी नव्हती. मग व्याकरणाचे तीन वर्ग, वर साहित्याचा, त्याच्यावर वक्तृत्वाचा. वर्गाला स्वतंत्र शिक्षक, ठरलेलं पुस्तक, रोजची उजळणी, शनिवारी आठवड्याची उजळणी. १७७३ साली पोपनं संघ बरखास्त केला, तोवर जगभर त्यांच्या सातशेच्या आसपास शाळा-कॉलेजं झाली होती.

पण सरांना एक विचारा. त्या शाळेत वर्ग कशावरून ठरायचा? मुलाला काय येतं त्यावरून. त्याच्या जन्मसालावरून तो ठरत नसे. नियमावली म्हणते, वर चढवणं वर्षातून एकदाच, मोठ्या सुट्टीनंतर. पण एखादा वरच्या वर्गात जास्त बरा चालेल असं दिसलं, तर त्याला अडवून ठेवू नका, परीक्षा घेऊन वर्षात केव्हाही वर पाठवा. पुढे सगळीकडे सरकारी शाळा आल्या, हजेरी सक्तीची झाली, पटसंख्या वाढली आणि वर्ग हळूहळू वयाला बांधला गेला. भिंत राहिली, दार बुजलं. आपण ज्याला जुनी शिस्त म्हणतो, ती बऱ्याचदा अशी अर्धीच आपल्यापर्यंत आलेली असते.

आणखी एक कलम फार सुंदर आहे आणि ते आज जवळपास कुणालाच आठवत नाही. शिक्षकानं आपल्या कुवतीपेक्षा खालच्या वर्गापासून सुरुवात करावी, म्हणजे दर वर्षी आपल्या बऱ्याचशा मुलांबरोबर त्याला एकेक वर्ग वर जाता येईल. मुलांना नव्या वर्षी नवा चेहरा नाही आणि शिक्षकाला कोण कुठे अडतं ते ठाऊक. शिकवायला उभं राहण्याआधी नवख्या शिक्षकानं आठवड्यातून तीनदा तासभर एखाद्या मुरलेल्या शिक्षकासमोर सराव करायचा, हेही तिथेच आहे. तुमच्या समितीनं एवढी दोन कलमं जरी उचलली, तरी हाउसच्या गुणांपेक्षा त्यांनी जास्त फरक पडेल.

आता हाउसच्या गुणांबद्दल. ते मला मुळीच आवडत नाहीत, हे आधीच सांगते. जेझुइट शाळांत वर्ग दोन पक्षांत वाटायचे. एक रोम, दुसरा रोमचा जुना शत्रू कार्थेज. समोरासमोर बसून एकमेकांच्या चुका काढायच्या. जिंकेल त्याला रोमन अधिकाऱ्यांची नावं, पदं आणि वरची जागा. तुमच्याकडचे पुढचे-मागचे बाक याच घरातले. त्यामागचं कारण साधं होतं. काठीऐवजी चुरस. शिक्षकानं स्वतः मारायचं नाही असा नियम होता. मारायची वेळ आलीच तर त्यासाठी संघाबाहेरचा माणूस असायचा. त्या काळाचा विचार केला तर हे मऊपणाकडे टाकलेलं पाऊल होतं. पण ते सगळ्या कॅथलिकांना पटलं होतं असं समजू नका. फ्रान्समधल्या पोर्ट-रॉयल या कॅथलिक मठाच्या छोट्या शाळांत एका शिक्षकाकडे पाचसहाच मुलं असत आणि तिथे चुरस मुद्दाम टाळली जाई. १६६० साली त्या बंद पाडल्या गेल्या. चुरशीनं मूल पुढे जातं की पोखरलं जातं, हा वाद एकाच धर्माच्या माणसांत तेव्हाही पेटलेला होता. सर म्हणतात तशी एकच एक ‘कॅथलिक शिस्त’ कधी नव्हती. शेवटच्या बाकावरच्या मुलाला आपण कुठे बसलोय आणि का, हे पक्कं ठाऊक असतं. त्यासाठी अभ्यासपाहणीची गरज नाही, आठ दिवस त्याच्या शेजारी बसून बघा.

आणि तुम्ही-मी आज वर्गात उभ्या आहोत, त्याचंही थोडं बोलते. १५३५ साली इटलीतल्या ब्रेशियात अँजेला मेरिचीनं उर्सुलाइन हे बायकांचं धार्मिक मंडळ सुरू केलं आणि मुलींना शिकवणं हे पुढे त्यांचं मुख्य काम झालं. मेरी वॉर्ड या इंग्रज बाईनं जेझुइटांच्या धर्तीवर मुलींसाठी शाळा काढल्या, पण बायका मठाच्या भिंतीबाहेर काम करतात म्हणून १६३१ साली पोपनं तिची संस्था बंद केली. तिला संस्थापिका म्हणून उघडपणे मान मिळाला तो १९०९ साली. पावणेतीनशे वर्षांनी. हा वारसाही याच चर्चचा. दार उघडणाऱ्याही त्याच घरातल्या आणि ते लावून घेणारेही.

तुमचा तरुण सहकारी मला आवडला. चिडायला त्याच्याकडे कारण आहे. पण सरकारची शाळा चर्चच्या शाळेपेक्षा वेगळ्या मातीतून आली, हे त्याचं गृहीतक टिकत नाही. जेझुइट संघ १७७३ साली बरखास्त झाला. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १७७४ रोजी, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसानं सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी शालेय कायदा केला. त्याला बळ द्यायला बरखास्त संघाची मालमत्ता होती. आणि कायद्याचा मसुदा कुणाचा? योहान इग्नात्स फेल्बिगर या मठाधिपतीचा. हा कॅथलिक माणूस बर्लिनला जाऊन प्रोटेस्टंटांची शाळा बघून आला होता आणि १७६५ साली प्रशिया या जर्मन राज्याच्या राजासाठी सायलेशियातल्या कॅथलिक शाळांचे नियमही त्यानंच लिहून दिले होते. सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच धडा, सगळ्यांनी एकत्र वाचायचं, हे त्यानं सरकारी शाळेत रुजवलं. मठाचं पाणी आणि सरकारचं पाणी तिथेच एकमेकांत मिसळलं. आता ते गाळून वेगळं करता येणार नाही.

खरा झगडा त्यानंतरचा. एकोणिसाव्या शतकात सरकारं शाळा हातात घेऊ लागली आणि चर्चनं पाय रोवले. १८६४ साली पोप नववे पायस यांनी ‘चुकीच्या मतांची’ यादी काढली. सार्वजनिक शाळांचा सगळा कारभार फक्त सरकारच्या हाती असावा, हे मत त्यात होतं. अमेरिकेतल्या बिशपांनी १८८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत ठरवलं की, शाळा नसलेल्या प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं, दोन वर्षांत ती उभी करावी. बेल्जियममध्ये शाळेवरून सरकारं पडली. नेदरलंड्समध्ये कॅथलिक आणि कडवे प्रोटेस्टंट एकत्र लढले आणि १९१७ साली खासगी धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा द्यायचं घटनेतच लिहिलं गेलं. आज तिथली बहुसंख्य मुलं अशा सरकारी पैशावर चालणाऱ्या खासगी शाळांतच जातात.

मार्टिन वेस्ट आणि लुडगर व्होसमान या अभ्यासकांनी २०१० साली याचा माग काढला. १९०० साली ज्या देशांत कॅथलिकांचं प्रमाण मोठं होतं, पण कॅथलिक हा राज्याचा धर्म नव्हता, तिथे शंभर वर्षांनंतरही खासगी शाळांचा वाटा जास्त दिसतो. आणि त्या वाट्याशी जोडून पाहिलं तर २००३ सालच्या पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्या देशांतली मुलं गणितात, विज्ञानात, वाचनात पुढे होती. शाळांना एकमेकींशी स्पर्धा करावी लागते हे त्यामागचं कारण, असं ते म्हणतात. चर्चनं हे पालकांच्या निवडीसाठी केलं असं मात्र कुणी म्हणू नये. १९१७ च्या चर्च-कायद्यानं कॅथलिक मुलांना इतर शाळांत जायला बंदी केली होती आणि १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाला विरोध लिहून ठेवला. आपल्या मुलांवरचा हक्क सुटू नये म्हणून उभारलेल्या भिंतीतून पुढच्या पिढ्यांना निवड मिळाली. सहकाऱ्याला एवढंच म्हणा की, एकट्या सरकारच्या हाती सगळं द्यायला विरोध झाला नसता, तर आजच्या कितीतरी पालकांना दुसरं दारच उरलं नसतं.

आता पाटी. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन जाते. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

रात्सिओतही भाषेचा नियम आहे. शाळेत लॅटिनच बोला, सुट्टीचे दिवस सोडून. पण लॅटिन कुणाच्याच घरची भाषा नव्हती. सरदाराच्या मुलाला ती जेवढी अवघड, तेवढीच चांभाराच्या मुलाला. सगळ्या विद्येची पुस्तकं तिच्यात होती, म्हणून तो नियम. नियम तोच ठेवून लॅटिनच्या जागी सत्ताधाऱ्यांच्या घरची भाषा आणली की त्याचा अर्थ पालटतो. मग काही मुलं जन्मतःच नियम पाळत असतात आणि काही जन्मतःच मोडत असतात.

हे ओळखणारा माणूस याच परंपरेत होता. ज्याँ-बाप्तिस्त द ला साल यानं १६८० च्या सुमारास फ्रान्समधल्या रँस शहरात गरीब मुलांच्या फुकट शाळा सुरू केल्या. तोवर वाचायला शिकायचं ते आधी लॅटिनमध्ये. यानं ते उलटवलं, आधी फ्रेंच. शार्त्रच्या बिशपांनी जुनाच क्रम धरा म्हणून आग्रह केला, तेव्हा त्यानं कारणं लिहून दिली. फ्रेंच वाचणं मुलांना सोपं जातं, कमी वेळात येतं. गरिबाचं पोर काम करण्याजोगं झालं की आईबाप त्याला शाळेतून काढतात. त्याआधी लॅटिन पुरतं येत नाही आणि फ्रेंचपर्यंत तर ते पोचतच नाही. म्हणजे शाळेत येऊनही ते कोरंच परत जातं. धार्मिक शाळेतला धार्मिक माणूस पवित्र भाषा बाजूला ठेवायला तयार झाला, कारण त्यानं पोराचे हातातले महिने मोजले. १६८५ साली त्यानं शिक्षकांना तयार करायची शाळाही काढली. सर ज्या परंपरेचा हवाला देतात, तिच्यातला हा माणूस त्यांना जरूर दाखवा.

आणि दुसरं टोकही दाखवा. कॅनडात आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलं. पैसा आणि धोरण सरकारचं, रोजचा कारभार चर्चकडे, त्यातल्या सगळ्यात जास्त शाळा कॅथलिक संस्थांकडे. दीड लाखाहून जास्त मुलं. भाषा बोलली की शिक्षा. कितीतरी मुलं घरी परतलीच नाहीत. २०१५ साली सत्य आणि समेट आयोगानं हे सगळं अहवालात मांडलं आणि जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथे जाऊन माफी मागितली. चर्च आणि सरकार दोघांनी हातात हात घालून ते केलं. म्हणून ‘चर्चचं की सरकारचं’ एवढ्यावर तुमची बैठक अडू देऊ नका.

सोमवारी असं करा. प्रत्येक नियमापुढे एक रिकामा रकाना आखा आणि पाचही जणांना त्यात त्या नियमाचं कारण लिहायला सांगा. ‘पूर्वीपासून आहे’ हे उत्तर चालणार नाही. शनिवारची उजळणी नक्की टिकेल, तिचं कारण कुणालाही सुचेल. बाकांच्या क्रमापुढे सर काय लिहितात ते बघा. ते प्रामाणिक आहेत असं तुमच्या पत्रावरून वाटतं, त्यामुळे वाद घालू नका, लिहू द्या. सहकाऱ्याला सांगा, मोडायच्या नियमापुढेही कारण लिहायचं आणि त्या जागी काय आणायचं तेही.

भाषेच्या दंडाची पाळी आली की आकडे, सालं, पोप, ला साल सगळं बाजूला ठेवा आणि गळ्यातल्या पाटीचं सांगा. तुम्ही कितवीत होता, पाटीवर काय लिहिलं होतं, दोरी कशाची होती, ती घालून कुठे उभं केलं होतं. तुम्ही हे कधी मोठ्यानं सांगितलं नसेल असं मला वाटतं. आवाज कापला तर कापू द्या.

त्या दोन मुलांसाठी मात्र सोमवारची वाट बघू नका. उद्या मधल्या सुट्टीत दोघांना वेगवेगळं बोलावून तोच प्रश्न तोंडी विचारा, आणि जो मान वर करत नाही त्याला आधी बोलावा.